एका छताखालची खुर्ची

लाकडाच्या धंद्यात माझी सगळी हयात गेली, पण मला रंधा धरता येत नाही. करवत हातात घेतली तर घरातली माणसं लांब सरकतात. तरीही हुबळी-धारवाडातली निदान एक पिढी मी विकलेल्या खुर्च्यांवर मोठी झाली. त्या खुर्च्यांवर बसून लोकांनी मुली पाहिल्या, वाटण्या केल्या, पेपर वाचता वाचता घोरले. आता दुकान मुलीच्या हाती देऊन मी मोकळा झालोय, तर भेटणारा जो तो विचारतो, "दिनकरराव, तुमचा कारखाना कुठं होता हो?" आणि माझं डोकं फिरतं.

कारखाना नव्हता. हुबळीत बहुतेकांचा नव्हता. मोठ्या रस्त्यावर काचेआड ज्या खुर्च्या, दिवाण, सोफे दिसायचे, ते एका जागी बनलेलेच नव्हते. लाकूड दांडेलीकडच्या रानातलं. ते डेपोत लिलावाला यायचं, तिथून वखारीत चिरायला जायचं. अळणावरजवळच्या एका खेड्यात मल्लप्पा बडिगेर त्याचा सांगाडा करायचा. सांगाडा टेम्पोत बसून धारवाडला, केलगेरीत शांतक्काकडे. ती लाखेचं पॉलिश चढवायची. पुन्हा टेम्पो, आणि जुन्या हुबळीत इस्माईलभाईंची गल्ली. ते बैठकीखालचे पट्टे ओढायचे, काथ्या भरायचे, कापड चढवायचे. मग ती खुर्ची माझ्या दुकानात यायची आणि गिऱ्हाईक विचारायचं, "हे सगळं तुम्हीच बनवता ना?" मी म्हणायचो, "अर्थात!"

सरकार याला असंघटित क्षेत्र म्हणतं. म्हणजे ज्याला एक पाटी नाही, एक फाटक नाही आणि फाटकावर हटकायला वॉचमन नाही, ते सगळं. पण वखारवाला, टेम्पोवाला, सरसवाला, कापडवाला धरून एका खुर्चीवर आठ-दहा घरांच्या चुली पेटत होत्या. देशाचा फर्निचर उद्योग म्हणून मोठमोठे लोक सुटात बसून ज्याच्यावर बोलतात, तो बराचसा असाच चालतो. थोडा इथं, थोडा तिथं, आणि मध्ये एक टेम्पो. हे सगळं एका जागी आणायला काय हरकत आहे, असं शिकलेल्या लोकांना फार वाटतं. हरकत अशी की ओल्या पॉलिशवर भुसा बसतो, आणि पॉलिशचा वास कापडात शिरला की गिऱ्हाइकाच्या बायकोला शिंका येतात. त्यामुळं रंधा रानाजवळ, पॉलिश मोकळ्या अंगणात आणि गादीकाम कापडबाजाराच्या अंगाला, अशी वाटणी कुणी न करताच झाली होती.

"मग तुम्ही काय करत होता?" हा पुढचा प्रश्न. मी दोन गोष्टी इकडून तिकडे नेत होतो, खुर्ची आणि निरोप. खुर्चीला टेम्पो होता, निरोपाला मी आणि माझी स्कूटर.

निरोप असे असायचे. मल्लप्पा खास धारवाडी कन्नडात सुरू करायचा. "सावकार्र," (आमच्याकडे दुकानदाराला सावकार म्हणतात, माझ्याकडं सावकारी पैशाची नव्हती) "सावकार्र, त्या इस्माईलला सांगा, कत्ते आहेस, कत्ते! पट्टा ओढायलास का नांगर?" कत्ते म्हणजे गाढव. मी जुन्या हुबळीत पोचेपर्यंत त्याचं व्हायचं, "मल्लप्पाण्णा नमस्कार सांगतात. पट्टा जरा हलक्या हातानं ओढला तर उपकार होतील, म्हणतात." इस्माईलभाई तोंडातले बारीक खिळे गालात सरकवून म्हणायचे, "उसको बोलो, ओलं लाकूड पाठवतो आणि वरून अक्कल शिकवतो. अंधा है क्या?" अळणावरला हे पोचायचं ते असं, "भाईंनी सलाम सांगितलाय. लाकूड आणखी थोडं वाळलेलं मिळालं तर तुमचं काम खुलून दिसेल, म्हणाले."

शांतक्काचा निरोप सगळ्यात अवघड. ती दोघांच्याही वाडवडिलांपासून सुरुवात करायची. तिच्या तोंडचं गोड करायला मला केलगेरीच्या तळ्यावर स्कूटर लावून थोडा वेळ पाण्याकडे बघत बसावं लागायचं. साखर किती घालायची हे कळणं हाच माझा हुन्नर, आणि त्याचा मला अभिमान होता. तीस वर्षं या तिघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. म्हणूनच सगळं सुरळीत चाललंय, अशी माझी समजूत होती.

आणखी एक गंमत होती, ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. खुर्चीचे मागचे पाय पुढच्यापेक्षा किंचित आखूड लागतात. त्यानं बसणारा मागं रेलतो, आरामात बसतो. मल्लप्पा मागचे पाय मुद्दाम लांब ठेवायचा, कारण इस्माईलभाई ते कापतात हे त्याला ठाऊक होतं. इस्माईलभाई कापायचे, कारण ते लांबच येतात हे त्यांना ठाऊक होतं. आधी लांब आले की आधी कापले गेले, हे आता देवालाही सांगता येणार नाही. तसंच बाकीचं. मल्लप्पा रंधा शेवटी शेवटी आळसानं मारायचा, कारण शांतक्का घासून घेतेच. शांतक्का घासून घासून हात दुखवून घ्यायची, कारण मल्लप्पा आळशी आहे. तिघंही दुसऱ्याची चूक गृहीत धरून आपली चूक करत होते, आणि शेवटी खुर्ची मात्र अशी यायची की बसल्यावर माणूस उठायचं विसरायचा.

गिऱ्हाइकांचं म्हणाल तर त्यांना काय हवंय ते पहिल्या वाक्यात कधीच कळत नाही. विद्यानगरातल्या एक बाई सासूबाईंना घेऊन आल्या. "आईंसाठी चांगली खुर्ची दाखवा." म्हातारीला मी एकेका खुर्चीत बसवत होतो. ज्या खुर्चीतून ती चटकन उठली ती सुनेला पसंत नाही. शेवटी एका खोल खुर्चीत म्हातारी जी रुतली, ती दोघांनी हात दिल्यावर बाहेर आली. सून म्हणाली, "हीच द्या." मग माझ्या कानाशी येऊन हळूच, "सारख्या स्वयंपाकघरात येतात हो." त्या दिवशी मला कळलं की खुर्ची बसायला घेतात हा एक गैरसमज आहे.

असं चाललेलं असताना भुशाच्या फळ्यांचं फर्निचर आलं. ट्रकमधून खोक्यात झोपून येतं, स्क्रू पिळले की उभं राहतं. पाणी लागलं की फुगतं, पण तोवर हप्ते फिटलेले असतात. त्याच्यावर माझा राग नाही, माझी मुलगी दुकानात आता तेच विकते आणि त्यावरच दुकान उभं आहे. पण आमच्या सागवानाची वेळ वाईट आली. पूर्वी चिरलेलं लाकूड मल्लप्पाच्या शेडमध्ये उन्हाळे-पावसाळे खात पडून राहायचं, मग हातात घ्यायचं. आता गिऱ्हाइकाला लग्नाच्या आधी पाहिजे. कोवळ्या लाकडाची खुर्ची जायची आणि पहिल्याच उन्हाळ्यात तिच्या पाठीला चीर. चिरलेल्या खुर्च्या दुकानात परत येऊ लागल्या, तेव्हा एका सकाळी मल्लप्पानं मला समोर बसवून सांगितलं, "सावकार्र, लाकूड वाळवायची भट्टी झाली तर ठीक. नाहीतर दिवाळीला मी रंधा खाली ठेवतो. पोरगा पुण्याला बोलवायलाय. तो त्या फळ्या बसवतो, मी बघत बसतो."

मल्लप्पानं रंधा ठेवला की शांतक्काचं पॉलिश कशावर, इस्माईलभाईंचा पट्टा कशावर? आणि खरं सांगायचं तर मी कुणाचे निरोप नेऊ?

भट्टी एकट्यादुकट्याच्या आवाक्यातली नव्हे. चौकशी केल्यावर कळलं की सरकार अशी भट्टी सगळ्यांत मिळून देतं. मी उद्योग खात्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "देऊ की. फक्त सगळं काम एका छताखाली होताना दिसलं पाहिजे. पाहणीला मॅडम येतील."

मी म्हटलं, "साहेब, ते एका छताखाली होत नाही, म्हणून तर ते होतं."

साहेब म्हणाले, "मग छत बघा."

पौष महिना होता, लग्नं बंद. केलगेरीच्या बाजूचं एक मंगल कार्यालय रिकामं पडलं होतं, ते घेतलं. मंचावर मागच्या लग्नातले थर्माकोलचे दोन हंस तसेच उभे होते. मल्लप्पाला मंचावर जागा दिली, उजेड चांगला म्हणून. शांतक्काला खाली मांडवात. इस्माईलभाईंना वधूपक्षाच्या खोलीत.

तिघं आले ते व्याही पहिल्यांदा भेटतात तसे. मल्लप्पा नवं धोतर नेसून, इस्माईलभाई अत्तर लावून, आणि शांतक्का दोघांसाठी डबाभर शेंगापोळ्या घेऊन. मी जरा घाबरलो होतो. पण काय सांगू, एकमेकांसमोर आल्यावर तिघांची जीभच गेली. "तुमचं नाव फार ऐकलंय," मल्लप्पा म्हणाला. "तुमचा हात तर..." इस्माईलभाई म्हणाले आणि त्यांनी पोळीचा तुकडा तोडला. मला धन्य वाटलं. तीस वर्षांच्या साखरेचं चीज झालं, असंच मनात आलं.

काम सुरू झालं आणि घोटाळाही. मंचावरून मल्लप्पाचा भुसा उडून थेट शांतक्काच्या ओल्या पॉलिशवर बसू लागला. एरवी तिनं गल्ली डोक्यावर घेतली असती. आता ती नुसती पदर आडवा धरून पॉलिश करत राहिली. खुर्चीचा हात रव्यासारखा खरखरीत झाला. मी म्हटलं, "शांतक्का, त्यांना सांग की." ती कुजबुजली, "तुम्हीच सांगा. समोरासमोर कसं बोलू? मोठे आहेत ते." म्हणजे बारा-पंधरा पावलांवर बसलेल्या माणसाकडे मी निरोप घेऊन गेलो. मल्लप्पानं मला उत्तर दिलं, ते घेऊन मी परत आलो. दोघंही एकमेकांकडे बघून हसले आणि मान डोलावली. दिवसभर मी मंच, मांडव आणि वधूपक्षाची खोली असा हेलपाटत होतो. स्कूटरवर तरी बसायला मिळायचं.

खरा गोंधळ पायांनी घातला. पहिल्या खुर्चीचे मागचे पाय मल्लप्पानं सवयीनं लांब ठेवले. इस्माईलभाईंच्या मनात आलं, करणारा समोर बसलाय, त्याच्या देखत त्याच्या पायाला करवत कशी लावायची? कापलेच नाहीत. खुर्ची पुढं कलली. मल्लप्पानं ते लांबून पाहिलं आणि मनात खजील झाला. दुसऱ्या खुर्चीला त्यानं पाय बरोबर मापाचे केले. इकडे इस्माईलभाईंना वाटलं होतं, मघाशी न कापून आपलंच चुकलं. त्यांनी दुसरीचे कापले. ती इतकी मागं गेली की बसणाऱ्याला फक्त छत दिसावं. तिसऱ्या खुर्चीला मल्लप्पानं, ते कापणारच म्हणून चांगलेच लांब ठेवले, आणि इस्माईलभाईंनी, आता ते मापाचेच देतात म्हणून करवत पेटीतच ठेवली. अरुंद बोळात दोन सभ्य माणसं समोरासमोर आली की दोघं एकाच बाजूला सरकतात, तसं चाललं होतं. विचारणार कोण? मी विचारायला गेलो की दोघंही म्हणत, "छे छे, त्यांचं काम सोन्यासारखं आहे."

एवढ्यावर भागलं नाही. इस्माईलभाईंच्या हाताला काहीतरी वेगळं लागत होतं. सांगाड्याला गुडघा लावून ते म्हणाले, "दिनकरभाई, ये चेअर कच्ची है. सांधे बसलेत कुठं?"

खूप डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. अळणावर ते धारवाड, धारवाड ते हुबळी, हा खड्ड्यांचा रस्ता आजवर आमचा चौथा कारागीर होता. टेम्पोत आपटत-आदळत येताना सांधे आपोआप बसत, सरस उन्हात घट्ट होई. इथं मंचावरून खोलीपर्यंत खड्डा कुठून आणायचा? मग मी टेम्पो बोलावला. मंचावरून उतरलेली खुर्ची टेम्पोत चढवायची, केलगेरीच्या तळ्याकडून वाईट रस्त्यानं फिरवून आणायची आणि मागच्या दारानं वधूपक्षाच्या खोलीत न्यायची.

मॅडम पाहणीला आल्या त्याच वेळी खुर्ची पुढच्या फाटकातून टेम्पोत बसून बाहेर चालली होती. मॅडम तरुण होत्या, बेंगळूरूच्या, हातात टॅब. त्यांनी कन्नडात विचारलं, "कुठं चाललीय?"

"सांधे बसवायला," मी म्हणालो.

"कुठं बसवता?"

"इथंच."

त्यांनी टॅबवर काहीतरी टिपलं. आत येऊन त्यांनी मंच पाहिला, हंस पाहिले, हंसांच्या मध्ये रंधा मारणारा मल्लप्पा पाहिला. तोवर खुर्ची मागच्या दारानं परत आली. मॅडमनी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मी नमस्कार केला.

शेवटी दाखवायला पुढं ठेवली ती तिसरी खुर्ची. दिसायला देखणी. "बसून बघा, मॅडम," मल्लप्पा म्हणाला. मॅडम बसल्या. क्षणभर काही झालं नाही. मग मांडीवर टॅब, चेहरा गंभीर, अशा स्थितीत त्या अगदी सावकाश पुढं घसरू लागल्या. त्यांनी पाय रोवले. सावरून पुन्हा मागं बसल्या. पुन्हा घसरल्या.

मला भट्टी जाताना दिसत होती, तिच्यामागं मल्लप्पा पुण्याच्या बसमध्ये चढताना दिसत होता.

आणि मल्लप्पा मंचावरून ओरडला. "कत्ते! पाय का नाही कापलास रे?"

इस्माईलभाईंनी खिळे थुंकले. "लांब कशाला ठेवलास? डोळे फुटले काय तुझे?"

"तीस वर्षं ठेवायलोय, तीस वर्षं कापायलास! आजच काय हात मोडला?"

"तू समोर बसलायस म्हणून! इज्जत दी तेरेको!"

"तुझी इज्जत घाल त्या काथ्यात!"

शांतक्का पदर खोचून मध्ये उतरली. तिनं दोघांच्या वाडवडिलांपासून सुरुवात केली आणि भुशाशी येऊन थांबली. माझं तोंड सवयीनं उघडलं. "इस्माईलभाई, मल्लप्पाण्णांचं म्हणणं एवढंच की..."

"गप्प बसा!" तिघंही एकदम माझ्यावर उलटले.

"सावकार्र," मल्लप्पा म्हणाला, "आम्ही काय पाळण्यातली पोरं आहोत काय? तुम्ही 'सलाम सांगितलाय' म्हणालात की मला कळायचं, ह्यानं अंधा म्हटलंय. ह्याला कळायचं, 'उपकार होतील' म्हणजे गाढव."

"'काम खुलून दिसेल' म्हणजे?" शांतक्कानं इस्माईलभाईंना विचारलं.

"वो गाली अलग है, अक्का."

"तुम्ही गोड करून सांगायचा," शांतक्का मला म्हणाली, "आम्ही परत तिखट करून ऐकायचो. त्यात काय एवढं!"

मी मटकन मंचाच्या पायरीवर बसलो. मागचा पाय लांब येतो म्हणून कापून घ्यावा, तसे हे तिघं तीस वर्षं मलाही कापून घेत होते. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? माझा हुन्नर म्हणून जे मी मिरवत होतो, ते त्यांच्या लेखी सांगाड्यावरचा भुसा होता, झटकायचा. पण हेही खरं की तो मांडव त्या क्षणी जितका जिवंत वाटला, तितका तिथं कुणाच्या लग्नातही वाटला नसेल.

मॅडम अजून खुर्चीतच होत्या, म्हणजे बऱ्यापैकी पुढं आल्या होत्या. त्या उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "ही खुर्ची मला पाहिजे."

आम्हाला वाटलं, पुरावा म्हणून नेतायत.

"माझ्या केबिनमध्ये लोक येतात. दोन वाक्यांचं काम असतं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत बसतात. उठा म्हणता येत नाही. ही खुर्ची आपणहून उठवते. आमच्या सगळ्या केबिनींना अशाच हव्यात. अगदी अशाच. भट्टीचं मी लिहीन, पण आशा धरू नका. एका छताखाली काय होतं ते मी बघितलं."

"लाकूड ओलं आहे, मॅडम," मल्लप्पा पडलेल्या आवाजात म्हणाला.

"आमच्या गोदामात मोडक्या सागवानी टेबलांचा ढीग आहे. घेऊन जा."

लाकूड वाळायला सरकारी गोदामासारखी जागा नाही. ती टेबलं फोडल्यावर फळ्या अशा निघाल्या की मल्लप्पानं एकेक उचलून नखानं वाजवून पाहिली, आणि त्याचा चेहरा उजळला. भट्टी गेली चुलीत, असं तोच म्हणाला.

आता फक्त चुकीची खुर्ची करायची होती. ही तर सोपी गोष्ट, असं तुम्हालाही वाटेल. मल्लप्पानं अळणावरला जाऊन मागचे पाय मुद्दाम लांब ठेवले. इस्माईलभाईंना निरोप दिला, कापू नका. पण त्यांचा हात मनाच्या आधी चालतो. गल्लीत कुणाशी तरी बोलता बोलता पाय कापून मोकळे. खुर्ची उत्तम झाली. मल्लप्पानं पुढच्या वेळी आणखी लांब ठेवले, भाईंनी डोळ्याच्या अंदाजानं आणखी कापले. पुन्हा उत्तम. मॅडम बसल्या, आरामात रेलल्या आणि म्हणाल्या, "ही नको." पुन्हा एकदा मंगल कार्यालय घेऊन तिघांना एकत्र बसवून पाहिलं. पण आता भीड चेपली होती. तिघं दिवसभर मनसोक्त भांडले आणि खुर्च्या अशा झाल्या की आयुष्यात झाल्या नव्हत्या. त्या मी दुकानात ठेवल्या, हातोहात गेल्या. कचेरीत अजून ती एकच खुर्ची आहे.

दिवाळी आली आणि गेली. रंधा ठेवायचं मल्लप्पानं नाव काढलं नाही. विचारलं तर खवळला. "एक वाईट खुर्ची जमत नाही म्हणून रंधा ठेवू? गावात तोंड कसं दाखवू?" असं आणखी एक वर्ष गेलं.

यंदा मात्र दसऱ्यानंतर अळणावरचा निरोप बंद झाला. रोज नाही तरी दिवसाआड फोन यायचा, तो नाही. मी फोन लावला तर लागेना. आता तिघांकडे एकमेकांचे नंबर आहेत, थेट भांडत असतील, अशी मी मनाची समजूत घातली. शांतक्काला विचारलं, तिलाही काही नाही. ती एवढंच म्हणाली, "मागच्या वेळी रंध्याचा हात हलका लागला, सावकार्र." इस्माईलभाईंच्या गल्लीत गेलो तर मल्लप्पाचा शेवटचा सांगाडा भिंतीला टेकून तसाच उभा. "का हो, कापड चढवलं नाही?" ते दुसऱ्याच खुर्चीचे खिळे ठोकत राहिले. "गाली नहीं आया," म्हणाले. "शिवीशिवाय कसा हात लावू?" गल्लीतून बाहेर पडताना मला स्कूटरची किक बसेना.

परवा सकाळी मी दाढी करत होतो, तेव्हा फोन वाजला.

"सावकार्र," मल्लप्पाचा आवाज, "पोराकडं पुण्याला गेलतो. मोबाईल बसमध्ये गेला, पोरानं हा नवा घेऊन दिला. तिथल्या त्या फळ्यांच्या खुर्चीवर बसलो. हलत नाही, वाजत नाही, घसरत नाही. पण ती केली कुणी, तेच कळत नाही बघा. शिव्या कुणाला द्यायच्या? दिवस जाता जाईना. आलो परत." मग घसा खाकरून, "त्या इस्माईलला सांगा, कत्ते, बोलता बोलता माझ्या पायाला करवत लावलीस तर बघ. कत्ते कुठला!"

"मल्लप्पाण्णा, त्यांचा नंबर आहे की तुमच्याकडं."

"आहे. पण तुम्हीच सांगा की."

अर्ध्या गालाला साबण तसाच होता. मला रडू आलं, आणि ते आवरायची गरजही वाटली नाही.

गेलो जुन्या हुबळीत. इस्माईलभाई तोंडात खिळे धरून बसले होते. मी म्हटलं, "मल्लप्पाण्णा नमस्कार सांगतात. यंदा मागच्या पायाला करवत लावली नाही तर फार उपकार होतील, म्हणतात."

त्यांनी खिळे गालात सरकवले. "गधा बोला?"

"नाही हो..."

"एक बार या दो बार?"

"दोनदा," मी कबूल केलं.

इस्माईलभाईंनी खिळे हातात काढून घेतले आणि बाहीनं डोळे पुसले. "फिर ठीक है," म्हणाले. "बुढ्ढा काम पे है." मग भिंतीचा तो सांगाडा पुढ्यात ओढला, मल्लप्पाचं पुण्यात कसं झालं, काय झालं ते मला विचारत राहिले, आणि विचारता विचारता त्याचे मागचे दोन्ही पाय त्यांनी कापून टाकले.